शंभर फुटाणे आणि बीपीची गोळी

"डॉक्टर, बीपीची गोळी एकदा सुरू झाली की तिची सवय लागते म्हणतात. जन्मभर सुटत नाही. मग सुरूच कशाला करायची?"

प्रश्न पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंचा. ठिकाण आमच्या वाचनालयाचा वरचा मजला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिथे आम्ही पंचवीस-तीस जण जमतो, खुर्च्या गोल मांडतो आणि एखाद्या डॉक्टरांना बोलावतो. भाषण नसतं, पडदा-प्रोजेक्टर नसतो, चहा आणि फुटाणे असतात. मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर. खुर्च्या मांडणं, घड्याळ बघणं आणि कुणी फार लांबण लावली की खाकरणं, एवढी माझी कामं.

डॉक्टरांनी लगेच उत्तर दिलं नाही. "असं अजून कुणी कुणी ऐकलंय?" एवढंच विचारलं. एकेक करत जवळजवळ सगळे हात वर गेले. कोपऱ्यातल्या मेडिकलवाल्याचाही. "मी रोज दहा गिऱ्हाइकांकडून ऐकतो," तो म्हणाला. मागून एक काका बोलले, "मी तर सोडूनच दिली. दोन महिने झाले, काही झालं नाही."

आता दुसरे कुणी असते तर इथे काकांची शाळा घेतली गेली असती. डॉक्टरांनी फुटाण्यांची थाळी पुढे ओढली आणि काकूंना म्हणाले, "यातले शंभर मोजा बघू." काकूंनी पोळ्या मोजायच्या सवयीने पाच-पाचाच्या ढिगाऱ्या करत शंभर मोजले.

"हे शंभर फुटाणे म्हणजे शंभर माणसं. साठीच्या आसपासची, बीपी वाढलेली. समजा, यातल्या कुणीच गोळी घेतली नाही आणि पुढच्या दहा वर्षांत वीस जणांना हार्ट अटॅक किंवा लकवा आला." वीस फुटाणे बाजूला झाले. "आता सगळ्यांनी गोळी घेतली, आणि वरचं बीपी दहाने उतरलं. तर?" त्यांनी त्या विसातले चार उचलून परत थाळीत टाकले. "सोळा."

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "म्हणजे चौघांसाठी शंभर जणांनी दहा वर्षं गोळ्या खायच्या?"

"हो. आणि ते चौघं कोण, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही."

"म्हणजे विमाच की हो," काकू म्हणाल्या. "हप्ता सगळ्यांनी भरायचा."

ही काही मिनिटं मला फार मोलाची वाटतात. वैद्यकातला पुरावा सामान्य माणसापर्यंत पोचतो म्हणजे नेमकं काय होतं, ते त्यात सगळं आहे.

आधी 'पुरावा' म्हणजे काय ते बघू. मराठीत पुरावा म्हटलं की कोर्ट आठवतं, साक्षीदार आठवतात. वैद्यकातला पुरावा वेगळा. बऱ्याच माणसांवर, शक्य तितकी बरोबरीची तुलना करून, काय झालं ते मोजायचं. काकांनी गोळी सोडली आणि दोन महिने काही झालं नाही, हा अनुभव खराच आहे. पण थाळीकडे बघा: गोळी न घेतलेल्या शंभरांपैकी ऐंशी जणांना दहा वर्षांतही काही झालेलं नाही. काका त्या ऐंशीतले आहेत की विसातले, हे दोन महिन्यांत कळायला मार्ग नाही. मुळात वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, त्यामुळे 'काही झालं नाही' याला फारसा अर्थ उरत नाही.

डॉक्टरांनी विसाचा आकडा 'समजा' म्हणून घेतला होता, कारण प्रत्येकाचा धोका वय, साखर, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांवरून वेगळा असतो. पण विसातले चार, म्हणजे पाचातला एक, हे प्रमाण हवेतून आलेलं नव्हतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली १२३ तुलनात्मक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून छापले गेले. त्यांत ६ लाखांहून जास्त माणसं होती. वरचं बीपी १० ने उतरलं की हृदय आणि रक्तवाहिन्यांचे मोठे विकार सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात, असं त्यातून निघालं.

२० टक्क्यांनी कमी. आणि शंभरातले चार. दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत, दोन्ही खरी आहेत, आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन्हींतून अगदी वेगळी चित्रं उभी राहतात. पुराव्याच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा खड्डा हाच. त्यात एक अख्खा देश कसा पडला, ते सांगतो.

'दुप्पट' या शब्दाने काय केलं

१९९५ चा ऑक्टोबर. ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना पत्रक काढून तातडीचा इशारा दिला: नव्या, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी टीव्हीवर, वर्तमानपत्रांत झळकली. 'दुप्पट' हा शब्द ऐकून हजारो बायकांनी गोळी तिथल्या तिथे थांबवली. काहींनी पाकीट अर्धवट असतानाच.

आता आकडे बघा. जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांपैकी साधारण एकीला अशी गुठळी होत होती. नव्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० मध्ये दोघींना. एकाचे दोन झाले, म्हणजे दुप्पट हे खरंच. पण वाढ झाली ती सात हजारांत एकीची. आणि गोळी थांबल्यावर जे झालं ते सात हजारांत एकीचं नव्हतं. नको असताना दिवस गेले. पुढच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्तीचे झाले, असा अंदाज नंतर मांडला गेला. ज्या गुठळीच्या भीतीने गोळी सोडली, त्या गुठळीचा धोका गरोदरपणात गोळीपेक्षा जास्त असतो, हा यातला सगळ्यात कडू भाग.

समितीने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्या. पुरावा खरा होता, हेतू चांगला होता. नव्हतं ते एवढंच: "दुप्पट म्हणजे कितीचे किती?" असं कुणीतरी विचारावं आणि समोरच्याने उत्तर द्यावं, अशी जागा. पत्रकाला प्रश्न विचारता येत नाही.

तुम्ही म्हणाल, प्रश्न विचारायला डॉक्टर आहेत की. आहेत. पण आकड्यांच्या बाबतीत डॉक्टरांची गतही आपल्यापेक्षा फार वेगळी नसते. गर्ड गिगरेंझर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ माणसं धोका कसा जोखतात याचा अभ्यास करतात. त्यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक प्रश्न घातला. हजार बायकांमध्ये दहा जणींना स्तनाचा कॅन्सर आहे. ज्यांना आहे, त्यांतल्या नऊ जणींची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची एक्स-रे तपासणी, पॉझिटिव्ह येते. ज्यांना नाही, त्यांतल्याही ९ टक्के जणींची चुकून पॉझिटिव्ह येते. आता एका बाईची तपासणी पॉझिटिव्ह आली. तिला कॅन्सर असण्याची शक्यता किती? चार पर्याय दिले होते.

वाचणं क्षणभर थांबवून उत्तर मनाशी धरा.

मोजूनच बघू. कॅन्सर असलेल्या दहांपैकी नऊ पॉझिटिव्ह. नसलेल्या ९९० पैकी ९ टक्के, म्हणजे सुमारे ८९ पॉझिटिव्ह. एकूण ९८. त्यांत खरोखर कॅन्सर असलेल्या नऊ. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या साधारण दहा बायकांतल्या एकीलाच कॅन्सर, बाकीच्या नऊ जणींना नाही. तज्ज्ञांपैकी किती जणांचं उत्तर बरोबर आलं? २१ टक्के. चार पर्यायांतून डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी २५ टक्के बरोबर आले असते. बहुतेकांना वाटत होतं की दहांतल्या आठ-नऊ जणींना कॅन्सर असणार. अशा डॉक्टरांसमोर रिपोर्ट घेऊन बसलेल्या बाईची रात्र कशी गेली असेल, कल्पना करा.

(वर मी घातलेल्या प्रश्नात एक लबाडी आहे. मी तो बराचसा माणसांच्या संख्येत घातला. डॉक्टरांना तो टक्क्यांत घातला होता: एक टक्का, नव्वद टक्के, नऊ टक्के. टक्क्यांत हा गुंता सहजी सुटत नाही.)

पुढचा भाग मला जास्त आवडतो. याच डॉक्टरांना टक्के सोडून माणसं मोजायला शिकवलं, हजार बायका डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, आणि बरोबर उत्तरं २१ वरून ८७ टक्क्यांवर गेली. डॉक्टर तेच. हिशोबाची भाषा तेवढी बदलली. आमच्या काकूंनी फुटाणे मोजले, त्यात हीच युक्ती होती.

कॅफे, पार आणि महिलांची बैठक

अशा अनौपचारिक गप्पांना जगात रीतसर रूप आलं ते कॅफेतून. पॅरिसमध्ये मार्क सोते या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने १९९२ मध्ये बॅस्टिल चौकातल्या एका कॅफेत रविवारी सकाळी लोकांना जमवून तत्त्वज्ञानावर खुल्या गप्पा सुरू केल्या. ते पाहून डंकन डॅलस या ब्रिटिश टीव्ही निर्मात्याला वाटलं, हे विज्ञानाबद्दल का होऊ नये? त्याने १९९८ मध्ये लीड्स शहरात पहिला विज्ञान-कॅफे भरवला. रीत साधी. पाहुण्याने वीसेक मिनिटं बोलायचं, मग प्याले भरून घ्यायला सुट्टी, मग तासभर किंवा जास्त प्रश्न आणि वाद. ती मधली सुट्टी दिसते तेवढी फालतू नाही. माइकसमोर ज्यांचं तोंड उघडत नाही ते त्या दहा मिनिटांत शेजारच्याशी कुजबुजतात, आणि सुट्टीनंतर तीच कुजबूज प्रश्न होऊन येते. पुढे ही कल्पना देशोदेशी गेली. कॅनडात तर आरोग्य संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेनेच असे कॅफे भरवायला अनुदान दिलं. संशोधक, डॉक्टर, नर्स, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक एका टेबलाला बसावेत, हा हेतू.

आपल्याला यात नवल वाटू नये. पार, चावडी, कट्टा, भिशी, भजनी मंडळ. बसायच्या जागा आपल्याकडे मुबलक आहेत. तिथे आरोग्याच्या गप्पा होत नाहीत असंही नाही, उलट त्याच जास्त होतात. कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडलं, हे सगळ्या आळीला ठाऊक असतं. त्या गप्पांत तेवढा पुरावा नसतो.

पण या गप्पांचा उपयोग होतो का? कॅफेंच्या बाबतीत मोजमाप बहुधा 'आलेल्यांना कसं वाटलं' एवढ्यावर थांबतं, आणि फुकट चहा प्यायलेला माणूस चांगलंच म्हणणार. खरी परीक्षा पाहिली ती नेपाळ आणि झारखंडमधल्या बायकांच्या बैठकांनी. तिथे मोजले गेले ते जीव.

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात गावोगावी बायकांचे गट महिन्यातून एकदा बसत. चालवणारी बाई त्याच भागातली. डॉक्टर नाही, नर्स नाही. ती व्याख्यान देत नसे. गरोदरपण, बाळंतपण, तान्ही बाळं यांत आपल्याकडे काय काय बिघडतं, हे बायका स्वतः बोलत, त्यातून महत्त्वाचं काय ते निवडत, त्यावर उपाय ठरवत. निकाल २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. बैठका न झालेल्या भागांच्या तुलनेत, बैठका झालेल्या भागात नवजात बाळांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होते.

मग 'एकजूट' या संस्थेने झारखंड आणि ओडिशातल्या तीन जिल्ह्यांत, प्रामुख्याने आदिवासी गावांत, हीच पद्धत नेली. तिथली बैठक कशी चाले, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. चित्रांच्या कार्डांवरून एक गोष्ट सांगितली जाते. बाळ जन्मलं आणि चार दिवसांनी गेलं. मग खेळ सुरू होतो: 'पण का?' ताप आला म्हणून. पण ताप का आला? नाळेत जंतू गेले. पण का गेले? जुन्या ब्लेडने कापली. पण नवं का नव्हतं? आधी आणून ठेवलं नव्हतं. का नव्हतं? घरात त्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं. या साखळीच्या पहिल्या टोकाला वैद्यक आहे. शेवटच्या टोकाला मात्र पैसा, सासू, नवरा, रस्ता हे सगळं निघतं, आणि त्यावरचा उपाय बैठकीतल्या बायकांनाच ठाऊक असतो. आणीबाणीसाठी गटाचा निधी काढायचा, गाडी कुणाची ते आधी ठरवून ठेवायचं, स्वच्छ ब्लेड आणि दोरा आणून ठेवायचा.

हा निकाल २०१० मध्ये आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी. तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही निम्म्याहून जास्त घटलेलं दिसलं, ज्यावर कुणी वेगळा उपाय केलाच नव्हता. दवाखान्यात जाण्याचं प्रमाण फारसं वाढलं नव्हतं. बदल झाला तो घरातल्या काळजीत: हात धुणं, स्वच्छ ब्लेड, उकळलेला दोरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये, जिथे आरोग्यसेवा तोकड्या आहेत अशा ग्रामीण भागांत, या पद्धतीची शिफारस केली.

इतकं वाचून कुणी उद्याच गावोगाव बैठका लावायला निघेल, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईतल्या ४८ झोपडवस्त्यांमध्ये बायकांच्या गटांची अशीच पद्धत तपासून पाहिली गेली. निकाल २०१२ मध्ये आला: नवजात मृत्यू कमी झाले नाहीत. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती. झारखंडमध्ये ज्या ब्लेडने फरक पडला, तो ब्लेड इथे मुळात प्रश्नच नव्हता. बांगलादेशात पहिल्या खेपेला काहीच परिणाम दिसला नाही, बहुधा सुमारे १,४०० लोकसंख्येमागे एकच गट होता म्हणून. तिथे पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा गट वाढवून सुमारे ३०० लोकांमागे एक केला, आणि नवजात मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी निघाले. सात चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हाही हेच दिसलं: गरोदर बायकांपैकी निदान ३० टक्के जणी बैठकीला येत होत्या, तिथे परिणाम ठळक.

थोडक्यात, गप्पा हे औषध मानलं तर त्यालाही डोस आहे. दोन-चार उत्साही मंडळींचा कट्टा दोन-चार उत्साही मंडळींनाच लागू पडतो. आमचा कट्टा या कसोटीला उतरत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. गाव बारा हजारांचं, आणि आम्ही तीस.

उलटा प्रवास

पुरावा डॉक्टरांकडून लोकांकडे जातो, एवढंच या बैठकांचं काम मानलं तर निम्मी गंमत जाते. तो उलटाही येतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं पुस्तकात सापडणारी नव्हती. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे बघून भीती वाटते, आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आजारी माणसाला आत घेता आणि घरच्यांना बाहेर काढता. तुमच्या दवाखान्यात देव नाही. मग 'शोधग्राम' या त्यांच्या आवारातला दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा झाला, नातेवाइकांना राहता येईल असा, आणि त्याला नाव मिळालं आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं.

तिथलीच दुसरी गोष्ट दायांची. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून कळतं: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त, तर धोका. पुरावा पक्का, पण दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. मग मणी ओवलेलं एक साधन तयार झालं. शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. आधी हिरवे, शेवटी एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत बोटांवर मोजता येणाऱ्या बाईच्या हातात 'लॅन्सेट'च्या तोडीचं निदान आलं.

आमच्या कट्ट्यावर एवढं काही घडलेलं नाही. पण त्या बीपीच्या संध्याकाळी एक गोष्ट घडली. सवयीचा मुद्दा डॉक्टरांनी चष्म्यावरून सोडवला: चष्मा काढला की अंधुक दिसतं, म्हणून चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही; मुळात नजर अधू होती. गोळी बंद केल्यावर बीपी चढतं ते मूळचंच. काही गोळ्या मात्र एकदम तोडल्या तर बीपी उसळू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय सोडू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं झालं, आता चहा.

तेवढ्यात नऊवारीतल्या एक आजी, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "मी तर रोज घेते हो. उपास सोडून."

"उपास किती असतात आजी?"

"सोमवार, गुरुवार, दोन एकादश्या, चतुर्थी. अनशापोटी गोळी कशी घ्यायची?"

डॉक्टर बोटांवर मोजायला लागले. महिन्यात दहा-अकरा दिवस. ते म्हणाले, मी पंधरा वर्षं प्रत्येक पेशंटला 'गोळी रोज घेता ना' विचारतो, सगळे 'हो' म्हणतात, आणि बीपी का उतरत नाही म्हणून मी गोळी वाढवतो. उपासाचं मी एकदाही विचारलं नाही. आणखी तिघी निघाल्या उपासाला गोळी न घेणाऱ्या. मेडिकलवाल्याने आपली भर घातली: महिनाअखेरीला लोक पूर्ण पत्ता न घेता पाच-पाच गोळ्या कापून नेतात, आणि पुढचे पाच न्यायला पगार होईपर्यंत येत नाहीत. डॉक्टरांनी हेही लिहून घेतलं. त्या दिवशी शिकवायला आलेला माणूस सगळ्यात जास्त शिकून गेला.

बीपीच्या बहुतेक गोळ्यांना पोटात अन्न असण्याची अट नसते. साखरेच्या गोळ्यांचं तसं नाही. त्यातल्या काही उपाशीपोटी घेतल्या तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून दोन्ही आजार असलेल्यांनी उपासाचं आपल्या डॉक्टरांना वेगळं विचारायचं, असं तिथे ठरलं.

कुठे फसतं

आमचं पहिलंच सत्र फसलं होतं. मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ आले, लॅपटॉप घेऊन. साठ स्लाइड. दिवे मालवले, आणि अंधारात चहाच्या कपांची किणकिण आणि मग खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकू येत राहिले. दिवे लागले तेव्हा मी, ते, आणि ग्रंथपाल उरलो होतो. त्यानंतर प्रोजेक्टर बंद.

दुसरा धोका मेहुण्याचा. "माझ्या मेहुण्याने काढा घेतला आणि स्टेंट टळला." हे वाक्य आलं की सहा लाख माणसांचा अभ्यास पालापाचोळ्यासारखा उडतो, कारण त्या सहा लाखांना चेहरा नसतो आणि मेहुण्याला असतो. त्याला खोडून काढायला गेलं की खोलीत दोन तट पडतात. आम्ही आता ते फळ्यावर लिहितो: 'काढा – १'. मग विचारतो, काढा घेऊनही स्टेंट पडलेलं कुणी माहीत आहे का? बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूलाही एक-दोन आकडे पडतात. मेहुण्याचा अपमान होत नाही आणि तुलना म्हणजे काय, तेही कळतं.

तिसरा धोका फुकट मिळणाऱ्या मदतीचा. एका औषध कंपनीचा माणूस चहा-नाश्ता प्रायोजित करायला तयार होता, वर पेनंही देणार होता. आम्ही नको म्हटलं. चहाला वर्गणी दहा रुपये. कुणाचाही वैयक्तिक रिपोर्ट तिथे उघडायचा नाही, हा आणखी एक नियम. गावात भिंतींना कान असतात आणि पाहुण्या डॉक्टरांनी न तपासता कुणाला औषध सांगणंही बरोबर नाही. पाहुण्यांना आधीच बजावतो की 'अमुक घ्या' म्हणायचं नाही, पुरावा काय म्हणतो ते सांगायचं. आणि जिथे पुरावा नाही, तिथे 'माहीत नाही' म्हणायचं. हे दोन शब्द काही पाहुण्यांना फार जड जातात. जे सहज म्हणतात, त्यांचं बाकीचं लोक जास्त ऐकतात, असा माझा अनुभव.

गोळी सोडलेले काका पुढच्या महिन्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात आले. मधल्या काळात मेडिकलवाल्याच्या मशिनवर त्यांनी बीपी मोजून घेतलं होतं, आकडा चिठ्ठीवर लिहून आणला होता, ती चिठ्ठी खिशातून काढून घडी उलगडून दाखवली, पण गोळी परत सुरू केल्याचं मात्र त्यांनी कबूल केलं नाही. काकूंनीच सांगितलं.

त्या डॉक्टरांच्या केसपेपरवर आता एक नवा रबरी शिक्का दिसतो. परवा आजींनी मला दाखवला. जांभळ्या शाईत, जरा तिरपा: 'उपासालाही घ्यावी.'